पहिल्यांदाच लहान मुलांची जिम्नॅस्टिक्स स्पर्धा भरवतोय. लक्षात राहील अशी कशी करावी?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आमचा क्लब छोटा आहे. कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावात, शाळेच्या जुन्या व्यायामशाळेत सुरू केला त्याला यंदा १२ वर्षं झाली. सुरुवात मल्लखांबाने केली, जिम्नॅस्टिक्स मागून आलं. शिकवणारे दोघंच, मी आणि माझी धाकटी बहीण. आजवर पोरांना घेऊन पहाटेच्या एसटीने पुणं, ठाणं, संभाजीनगर असं फिरत आलो. दुसऱ्यांच्या हॉलमध्ये कोपऱ्यात डबे उघडले, दुसऱ्यांची पदकं गळ्यात घालून आलो. यंदा म्हटलं, एकदा आपल्या दारी बोलवू सगळ्यांना.

नाताळच्या सुट्टीतला रविवार धरलाय. नऊ क्लब येतो म्हणालेत. ९० मुली आणि ५० मुलगे, वयोगट ८, १०, १२ आणि १४ वर्षांखालील. हॉल बॅडमिंटनचा मिळालाय, चार कोर्टांचा. बीम (तोल सांभाळत कसरती करायची अरुंद तुळई) आमचाच आहे. अनइव्हन बार (मुलींच्या वर-खाली उंचीच्या दोन दांड्या) आणि फ्लोअरच्या, म्हणजे जमिनीवरच्या कसरतींच्या मॅट शेजारच्या जिल्ह्यातले एक सर देतायत, टेम्पो आपला. प्रवेश फी ४०० रुपये. वर गावातला एक सराफ आणि एक दूधवाले मिळून थोडा भार उचलतायत. सगळं धरून दीड लाखाच्या आत बसवायचंय.

आता खरी अडचण सांगतो. कमिटीतल्या प्रत्येकाला ही स्पर्धा 'अविस्मरणीय' करायचीय. एकाला डीजे पाहिजे, एकाला धूर सोडणारं यंत्र. एकाने मुलांच्या एन्ट्रीला वरून फुलं टाकायची टूम काढलीय. उद्घाटनाला मोठे पाहुणे, त्यांच्यापुढे लेझीम, मग सगळ्या क्लबांचं संचलन, आणि चार फुटी चषक. बहीण म्हणते, "दादा, हे लग्न नाहीये." मला तिचं पटतं, पण मग करायचं काय हे तिलाही सांगता येईना. पैसे नेमके कुठे घालावेत? ज्यांनी स्पर्धा भरवल्यात त्यांनी जरा मोकळेपणी सांगा.

---

खजिनदारीणबाई

तुमच्या बहिणीला आधी माझा नमस्कार सांगा. तिचं वाक्य लॅमिनेट करून हॉलच्या दाराला लावा.

मी कोच नाही. लेकीला सहाव्या वर्षी क्लबात सोडायला जायचे आणि बाकावर बसून विणकाम करायचे. एक दिवस सरांनी विचारलं, "ताई, जरा फीच्या पावत्या फाडता का?" तेव्हापासून पंधरा वर्षं मी खजिनदार आहे. लेक जिम्नॅस्टिक्स सोडून सीएच्या परीक्षा द्यायला लागली, मी अजून पावत्याच फाडतेय. एवढ्या वर्षांत आमच्या क्लबाने अकरा स्पर्धा भरवल्या. पहिल्या तीन आठवल्या की अजून कानशिलं तापतात.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट सांगते, म्हणजे उद्घाटनाचं काय करायचं ते आपोआप कळेल. डिसेंबरच होता. पाहुणे नऊला येणार होते, म्हणून मुलींचा वॉर्म-अप साडेआठला सुरू करून पावणेनऊला संपवला. मग ६४ मुलींना संचलनाच्या रांगेत उभं केलं. पाहुणे आले पावणेअकराला. दोन तास त्या पोरी बिनबाह्यांच्या लिओटार्डमध्ये, म्हणजे अंगाला घट्ट बसणाऱ्या एकसंध कपड्यात, गार फरशीवर अनवाणी. कोणी म्हणालं जॅकेट घाला, तर कमिटीतल्या एकाने सांगितलं, "नको, फोटोत एकसारखं दिसलं पाहिजे." माझ्यासमोर एक सात वर्षांची मुलगी होती. केस जेलने चापून बसवलेले, अंबाड्याला चमकी. दंडावर काटा आलेला. तिने माझा पदर ओढला आणि हळूच म्हणाली, "काकू, शू."

लिओटार्ड घातलेल्या मुलीला बाथरूमला नेणं म्हणजे काय, ते आईच जाणे. अख्खा कपडा उतरवावा लागतो आणि परत चढवावा लागतो, तोही थंडीने बधिर झालेल्या बोटांनी. आम्ही परत आलो तेव्हा भाषण चालू होतं. देशाचं भवितव्य वगैरे. साडेअकराला स्पर्धा सुरू झाली आणि बीमवर पहिल्या पाचांतल्या तिघी पडल्या. माझीवाली चौथी होती. चढली, हात वर केले, दुसऱ्या पावलाला खाली. परत चढली, परत खाली. रडली नाही, फक्त खाली उतरून तिच्या ताईंना म्हणाली, "पाय कळत नव्हते." हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. पाहुणे कोण होते ते मात्र आज विचाराल तर मला अल्बम काढून बघावा लागेल.

तिसऱ्या वर्षापर्यंत आम्ही शहाणे झालो नव्हतो, चौथ्या वर्षी झालो. आता पाहुण्यांना उद्घाटनाला बोलावतच नाही. थेट पदकं द्यायला बोलावतो. पत्रिकेवर वेळ लिहितो सव्वाबाराची, म्हणजे ते उशिरा आले तरी कोणी थांबलेलं नसतं, स्पर्धा चालूच असते. आणि गंमत म्हणजे पाहुण्यांनाही हे आवडतं. आल्या आल्या समोर दहा वर्षांची पोर बीमवर मागे कमान टाकताना दिसते. तोंडाचा आ तसाच राहतो आणि भाषण तीन मिनिटांत आटपतं.

आता हिशेब. एक मुलगी दिवसभरात खरं खेळते किती? व्हॉल्टला, म्हणजे धावत येऊन घोड्यावरून मारायच्या उडीला, पाच-सात सेकंद. बारला अर्धं मिनिट. बीम आणि फ्लोअर प्रत्येकी जास्तीत जास्त दीड मिनिट, लहान गटाला त्याहून कमी. सगळं मिळून चार मिनिटं होत नाहीत. त्या चार मिनिटांसाठी ती पहाटे चारला उठून, गाडीत ओकून, तुमच्या गावी येते. उरलेला दिवस ती वाट बघते. तुमचे पैसे, तुमची डोकी, सगळं त्या वाट बघण्यावर खर्च करा. धुरावर नको.

आम्ही असं करतो. आठ मुलींचा एक गट, असे चार गट एका वेळी आत. प्रत्येक साधनावर एक गट. माणशी तीन मिनिटं धरा, गुण देण्यासकट. म्हणजे पंचवीस मिनिटं, वर पाच मिनिटं नव्या साधनावर हात-पाय मोकळे करायला. अर्ध्या तासाची एक फेरी, चार फेऱ्या, दोन तास. दोन तासांत ३२ मुली. तुमच्या ९० म्हणजे तीन बॅच. आठ ते दहा, साडेदहा ते साडेबारा, दीड ते साडेतीन. बीमवर गाडी अडते, कारण पडतात आणि पुन्हा चढतात. म्हणून बीमवर सगळ्यांत चटपटीत जज बसवा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: प्रत्येक बॅचची पदकं बॅच संपली की तिथल्या तिथे. सकाळी आठला खेळलेल्या मुलीला संध्याकाळी सहाच्या बक्षीस समारंभापर्यंत डांबून ठेवायचं नाही. तिला तिची गाडी पकडू द्या.

पण यात ५० मुलगे बसत नाहीत हो. फ्लोअर आणि व्हॉल्ट दोघांनाही लागतात. एका दिवसात उरकायचं म्हणाल तर रात्री आठ वाजतील. हॉल शनिवारचा मिळतोय का बघा. साधनं तर शुक्रवारी रात्रीच लावणार ना? शनिवारी दुपारी मुलगे, रविवारी मुली. मुलग्यांच्या लहान गटाला सहाच्या सहा साधनं ठेवू नका. फ्लोअर, व्हॉल्ट, पॅरलल बार आणि पॉमेल हॉर्सऐवजी (मुठी बसवलेला घोडा) मशरूम (त्याच्या सरावाचा बुटका गोल ठोकळा), एवढं पुष्कळ झालं.

हॉलचं मोजमाप आजच करा. फ्लोअर १२ बाय १२ मीटर. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४ बाय ६.१, म्हणजे दोन कोर्टं शेजारी धरली तर फ्लोअर जेमतेम बसतो, कडेला उभं राहायला जागा उरत नाही. मधली मोकळी पट्टी धरून बघा. व्हॉल्टचा रनवे पूर्ण घातला तर २५ मीटर. आमच्याकडे एका वर्षी त्याचा शेवटचा तुकडा दारातून बाहेर व्हरांड्यात गेला होता. मोठ्या मुली चपलांच्या ढिगाशेजारून धावत सुटायच्या. फोटो मस्त आलेत, पण तुम्ही करू नका.

पाठीवर पिनेने नंबर लावू नका. कोलांटी पाठीवरूनच जाते. आम्ही एकदा लावले, एकदाच.

आणि तुमच्याकडे मल्लखांब आहे असं म्हणताय, मग यंत्राचा धूर कशाला? बाहेरगावच्या मुलांनी तो जवळून पाहिलेला नसतो. दुसऱ्या बॅचच्या गुणांची बेरीज चालू असते ती दहा मिनिटं तुमच्या मोठ्या मुलींना द्या. फक्त एक सांभाळा. खांबाला एरंडेल असतं आणि इकडे सगळा कारभार चॉकचा, म्हणजे हात-पाय सरकू नयेत म्हणून लावायच्या पांढऱ्या पुडीचा. तेलकट पायांनी एक जरी पोरगी फ्लोअरच्या मॅटवरून गेली तर नंतर येणारी घसरलीच म्हणून समजा.

---

पाय_जुळवा

ताईंनी वेळापत्रकाचं सांगितलंच आहे, मी जजच्या खुर्चीतून बोलतो. गेली बरीच वर्षं जिल्हा आणि राज्य पातळीवर बसतो. नाव कसं पडलं ते मुलं सांगतील.

एक: टेप घ्या. शिवणकामाचा नको, लोखंडी. बीमची उंची १२५ सेंटिमीटर, लांबी ५ मीटर, रुंदी १०. मुलींचा व्हॉल्ट १२५, मुलग्यांचा १३५. लहान गटाला तुम्ही उंची कमी ठेवाल, ठेवा, पण जी ठेवाल ती लिहून सगळ्या क्लबांना आधी कळवा आणि प्रत्येक बॅचच्या आधी पुन्हा मोजा. "आपल्या गावच्या स्पर्धेला एवढं कशाला" असं कोणी म्हणालं तर त्याला सिडनी सांगा. सप्टेंबर २०००, ऑलिंपिक, मुलींची सर्वांगीण स्पर्धा. व्हॉल्टचा घोडा १२५ ऐवजी १२० वर लावलेला होता. रशियाची स्वेतलाना खोरकिना, जिच्या गळ्यात सोनं पडणार असं जग म्हणत होतं, ती गुडघ्यांवर आपटली. एकामागून एक मुली चुकत होत्या आणि प्रत्येकीला वाटत होतं आपलंच काहीतरी बिघडलंय. शेवटी ऑस्ट्रेलियाच्या अलाना स्लेटरने सांगितलं की घोडा बुटका वाटतोय. मोजला, तर पाच सेंटिमीटर कमी. पुन्हा उडी मारायची संधी दिली, पण खोरकिना तोवर बारवरूनही पडली होती. तिच्या पदकाचा प्रश्नच संपला. पाच सेंटिमीटर म्हणजे तुमच्या तीन बोटांची रुंदी.

दोन: जो जज ज्या साधनावर बसला तो त्या वयोगटाच्या शेवटच्या मुलापर्यंत तिथेच. मध्ये बदलू नका. एकाचा हात सैल असतो, एकाचा घट्ट. अख्ख्या गटाला तोच हात लागला तर कोणाचं नुकसान नाही. आणि कोचने स्वतःच्या मुलांना गुण देऊ नयेत. छोट्या स्पर्धेत माणसं कमी म्हणून हे सर्रास चालतं आणि नंतर तीन वर्षं दोन क्लब बोलत नाहीत. बाहेरचे चार जज आणा, प्रवासखर्च द्या, जेवण वेळेवर द्या. डीजेचे पैसे इथे वळवा.

तीन: तक्रारीचा नियम आदल्या दिवशी कोचना वाचून दाखवा. कसरतीच्या अवघडपणाच्या गुणांवर विचारणा करता येते, सफाईच्या गुणांवर नाही. तीही आपल्याच मुलाच्या, दुसऱ्याच्या नाही. हे आधी न सांगितल्यामुळे एका ठिकाणी एक कोच मोबाइलवरचा व्हिडिओ घेऊन माझ्या टेबलावर आले होते. मी त्यांना चहा दिला. चहा प्यायले, पण व्हिडिओ दाखवायचं थांबेनात.

पडलं की पूर्ण एक गुण जातो, हे पालकांना माहीत नसतं. पडूनही हसत पुढे करणाऱ्या मुलाला कमी गुण का, म्हणून भांडतात. माइकवाल्याने सकाळीच दोन मिनिटं समजावून सांगावं: सफाईचे दहापासून खाली यायचे, वाकडा गुडघा एक-दशांश, मोठी चूक अर्धा, पडलं तर एक. मग बघा, दुपारपर्यंत आज्ज्याही गुण ओळखायला लागतात.

---

सौमित्रचा_बाबा

पालक म्हणून लिहितो. माझा मुलगा दहाखालील गटात खेळतो. गेल्या वर्षी एका स्पर्धेला गेलो होतो, कुठली ते जाऊ दे. सकाळी सातचा रिपोर्टिंग टाइम, याचा नंबर लागला दुपारी तीनला. मधल्या वेळात कोणालाच काही माहिती नाही. "होईल आता." हे "होईल आता" मी सहा तास ऐकलं. पोरगं दोन वडापाव खाऊन बसलं आणि मग नेमकं नाव पुकारलं. पॅरलल बारवर उलटं झाल्यावर त्याचं जे तोंड झालं ते मला गॅलरीतून दिसत होतं.

म्हणून विनंती, कुठल्या बॅचला किती वाजता यायचं ते दोन दिवस आधी ग्रुपवर टाका, आणि उशीर झाला तर तसं सांगा. अर्धा तास उशीर चालतो हो, न सांगणं चालत नाही. खायला केळी, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, लिंबू सरबत असलं काहीतरी आत ठेवा. वडापावची गाडी गेटबाहेर असू दे, ती आमच्यासाठी.

डीजेचं सांगतो. मुलींच्या फ्लोअरला संगीत असतं, मुलग्यांच्या नसतं. त्या दिवशी डीजेला हे कोणी सांगितलंच नव्हतं. सौमित्र फ्लोअरच्या कोपऱ्यात उभा, हात वर, आणि अचानक ढोल-ताशा. पोरगा गोंधळून जजकडे बघतोय, जज डीजेकडे बघतायत, डीजे अंगठा दाखवतोय.

आणखी एक, जरा गंभीर. मुलं-मुली लिओटार्डमध्ये असतात आणि गॅलरीत कोणीही मोबाइल धरून शूटिंग करत असतं. कोण कोणाचा पालक आहे हे तपासायला कोणी नसतं. एकच फोटोग्राफर ठेवा, त्याला ओळखपत्र द्या, प्रवेशअर्जावर पालकांची फोटोसाठी सही घ्या. फ्लॅश बंद म्हणजे बंद, बीमवरच्या मुलीच्या डोळ्यांवर फ्लॅश गेला तर ती पडेल. कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी ओळखीची बाई दिवसभर बसलेली हवी. याला पैसे लागत नाहीत.

---

कृष्णाकाठ

काय बोलू. रात्री बहिणीला सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, 'पाय कळत नव्हते'ला ती गप्पच झाली.

शनिवारचा हॉल मिळाला. लोखंडी टेप घरातच होता, बीम मोजला तर एका बाजूला १२५ आणि दुसऱ्या बाजूला साडे-१२६! इतकी वर्षं पोरं चढावर चालतायत.

दोन प्रश्न राहिले. इलेक्ट्रॉनिक गुणफलकाचं भाडं ४०,००० सांगतायत. घ्यावा का? आणि मुलींच्या गाण्यांचं काय करता?

---

खजिनदारीणबाई

चाळीस हजार? अजिबात नको.

आमच्याकडे सातव्या वर्षी लॅपटॉप आणि प्रोजेक्टर लावला होता. कॉलेजातला एक मुलगा गुण टाकायला बसवला. त्याने घाईत आठ-पॉइंट-पाच लिहिताना टिंबाऐवजी आडवी रेघ मारली आणि एक्सेलने त्याची तारीख करून टाकली. अख्ख्या हॉलसमोर पडद्यावर: नाव अमुक, बीम, ०८-मे. तिची आजी माझ्याकडे येऊन म्हणाली, "अहो, निकाल मे महिन्यात लागणार का?"

मोठ्यामोठ्यांचं होतं म्हणा. १९७६ ला मॉन्ट्रिअलमध्ये चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीला बारवर पूर्ण दहा मिळाले तेव्हा फलकावर १.०० आलं होतं. दहा दाखवायची सोयच केलेली नव्हती, असे गुण कोणाला मिळतील असं वाटलंच नव्हतं ना.

आम्ही आता काय करतो ते सांगते. प्लायवूडची पाटी, तिला वरून तीन कड्या, प्रत्येक कडीत शून्य ते नऊ आकड्यांचे पुठ्ठे, भिंतीवरच्या तारखांच्या कॅलेंडरसारखे उलटायचे. दुसऱ्या नि तिसऱ्या कडीच्या मध्ये पाटीवरच ठसठशीत टिंब रंगवलेलं, म्हणजे अवघडपणाचे मिळून गुण दहाच्या वर गेले तरी अडत नाही. अशा चार पाट्या, प्रत्येक साधनाशेजारी एक. सुताराने दोन हजारांत करून दिल्या, पाच वर्षं चालल्यात. पाटी धरायला क्लबातली अशी मुलं घेते ज्यांना त्या वर्षी दुखापतीमुळे खेळता येत नाही. हात गळ्यात बांधलेला मुलगा दुसऱ्या हाताने आकडे उलटतो आणि पाटी डोक्यावर धरून चारही बाजूंना फिरवतो, तेव्हा त्याचा रुबाब बघण्यासारखा असतो. कागदावर गुण वेगळे लिहिलेले असतातच, बेरीज दोघींनी स्वतंत्र करायची आणि जुळली की मगच जाहीर करायची. त्यातली एक मी. दुसरी बँकेत कॅशियर होती, निवृत्त. तिच्या बेरजेत चूक निघालेली मी पाहिली नाही.

गाणी चार दिवस आधी मागवा. शब्द असलेलं गाणं नियमात चालत नाही, नुसतं वाद्यसंगीत, हे पत्रातच लिहा, तरी तीन-चारजणी सिनेमाचं पाठवतीलच. प्रत्येक फाइलला मुलीचं नाव आणि क्लबाचं नाव द्या. आमच्याकडे एकदा सतरा फायलींचं नाव 'फायनल' होतं. आणि सगळी गाणी एकदा शेवटपर्यंत ऐका. एकाच्या शेवटी गाणं संपल्यावर बाबांचा आवाज होता, "झालं का गं रेकॉर्ड?"

नावांवरून आठवलं. माइकवर जो कोणी असेल त्याने सगळी १४० नावं आदल्या रात्री मोठ्याने वाचून बघावीत, अडलं तिथे कोचला फोन करावा. 'शर्वरी'ला 'शर्बरी' पुकारलेलं त्या मुलीला आयुष्यभर लक्षात राहतं. प्रमाणपत्रांचंही तेच. छापायच्या आधी यादी क्लबांकडून तपासून घ्या.

आठखालच्यांना पहिला-दुसरा-तिसरा करू नका, हे माझं मत. भांडेन त्यावरून. अमुक गुणांच्या वर सगळ्यांना सोनेरी रिबन, त्याखाली रुपेरी, त्याखाली ब्राँझ. सात वर्षांच्या पोरीला एकतिसावी आलीस हे सांगून काय मिळतं? चार फुटी चषक एकाच क्लबाला जातो, तो घरी नेताना एसटीत कंडक्टर तिकीट मागतो.

दोनच सूचना आणखी. १०८ ची रुग्णवाहिका बोलावली तर ती हॉलच्या दारापर्यंत येईल अशी वाट मोकळी ठेवा, तिथे पाहुण्यांची गाडी लागू देऊ नका. आणि एका डब्यात केसांच्या पिना, जेल, सुई-दोरा, सॅनिटरी पॅड आणि चिकटपट्टी भरून ठेवा. तो डबा दिवसात वीस वेळा उघडतो.

---

कृष्णाकाठ

झाली एकदाची. घसा बसलाय, म्हणून लिहूनच सांगतो.

शनिवारी मुलगे ४७ आले, तिघं आजारी. रविवारी मुली ८८. पहिली बॅच आठऐवजी आठ दहाला सुरू झाली, कारण चावी ज्याच्याकडे होती तो गावाला गेला होता. कुलूप तोडलं. दुसरी आणि तिसरी वेळेवर.

पाहुण्यांना बाराचं सांगितलं होतं, ते पावणेबाराला हजर! मग त्यांना बीमजवळ खुर्ची टाकून दिली. समोर एक मुलगी पडली तर हे स्वतःच अर्धे उठले, आमच्या पाय_जुळवा सरांनी (हो, सर आले होते, प्रवासखर्चसुद्धा घेतला नाही) नजरेने बसवलं. भाषण चार मिनिटं. ताई, एक मिनिट जास्त झालं.

मल्लखांबाचं आम्ही असं केलं: खांब काढलाच नाही, दोरीचा घेतला. एरंडेलाचा प्रश्नच मिटला. बाहेर मैदानात लोखंडी स्टँडला दोरी लावली आणि मधल्या वेळात सगळ्यांना बाहेर काढलं. आमच्या दोन मुलींनी वर जाऊन अढी घातली, हात सोडून पद्मासन केलं, तेव्हा ठाण्याच्या मुली गप्पच झाल्या. मग रांग लागली, "आम्हाला एकदा चढू द्या." बहिणीने एकेकीला दोन बोटांत दोरी कशी धरायची ते दाखवलं. अंगठा आणि शेजारचं बोट नव्हे, पायाची! एकीला घट्ट धरवेना, ती दोरीला तशीच वेढून लटकत राहिली आणि उतरायलाच तयार होईना. त्यात पंधरा मिनिटं गेली, पण कोणी कुरकुर केली नाही.

पाट्या सुताराने केल्या. टिंब रंगवायला तो विसरला, मग पाय_जुळवा सरांनी लाल टिकली चिकटवली. ती दुपारी एकदा गळून पडली आणि एका मुलीला ११५ गुण मिळाले. तिच्या वडिलांनी त्याचाच फोटो काढलाय.

खर्च १,३८,००० च्या आसपास. हिशेब बहीण करतेय.

राहिलेल्या वस्तू आमच्याकडे आहेत: स्टीलच्या बाटल्या सहा, डाव्या हाताची ग्रिप एक, निळं जॅकेट (खिशात अर्धी चिक्की), मुलाच्या बुटांच्या जोडीतला फक्त उजवा, आणि एक दुधाचा दात, टिश्यूत गुंडाळलेला. तो दहाखालील गटातल्या मुलीचा आहे, व्हॉल्टच्या रांगेत पडला. कोणत्या क्लबची ते आठवत नाही, पण तिने "जपून ठेवा" असं बजावून दिला होता आणि गडबडीत न घेताच गाडीत बसली. कोणाला माहीत असेल तर कळवा, पोस्टाने पाठवतो.